डाव्या पायाची पेटी

३ फेब्रुवारी

फादरसाहेब,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड. पण आधी एवढं वाच: आईच्या किडन्या गेल्या. डॉक्टर म्हणाले महिना, फार तर दोन. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद काळा करते आहे. सहा वर्षांपूर्वी मी तुला लिहिलं होतं की तू आम्हाला मेलास. ते मी मागे घेतलंय असं समजू नकोस. माझं एक काम अडलंय म्हणून लिहिते आहे.

आई शुद्धीत आहे. नको तितकी शुद्धीत आहे. दिवसभर पलंगावर पडून माझं डोकं खाते. परवा विचारत होती, माझ्या उपटलेल्या दाढा त्या दाताच्या डॉक्टरने कुठे टाकल्या असतील? काल विचारलं, जन्मभर कापलेली नखं शेवटच्या दिवशी, सगळे मेलेले उठतील तेव्हा, परत मिळाली तर बोटं केवढी होतील? आणि जाडी माणसं जाडीच उठतील का? मी म्हटलं, आई, देवाला कळतं सगळं. तर म्हणे, "त्याला कळतं गं, पण जायचंय मला. मला नको कळायला?"

एक गोष्ट मात्र तिने पक्की धरून ठेवली आहे. प्रभू क्रुसावर मरून उठला तेव्हा त्याच्या हातापायांची खिळ्यांची भोकं तशीच होती. बुजली नव्हती. म्हणजे जे गेलं ते गेलं, वर गेल्यावर कोणी भरून देत नाही, असा तिचा हिशोब. "म्हणून माझा पाय मला इथूनच न्यायला हवा," म्हणते.

तू तेव्हा इथे नव्हतास, म्हणून पहिल्यापासून सांगते. साखरेने तिचा डावा पाय सडला आणि गुडघ्याखाली चार बोटं ठेवून कापायचं ठरलं. आईने डॉक्टरांना अट घातली, पाय कापा, पण तो मला परत द्या, मी तो माझ्या नवऱ्याच्या कबरीत पुरणार. डॉक्टर बिचारे हो म्हणाले. आमच्या कृत्रिम पायांच्या वर्कशॉपातल्या सुताराने पेटी केली, हातभर लांब, दोन्ही बाजूंना कड्या. इथल्या फादरांनी प्रार्थना म्हटली. आई हॉस्पिटलातून तासाभराची सुटी काढून, चाकाच्या खुर्चीत बसून स्वतःच्या पायाच्या दफनाला हजर होती. परत जाताना म्हणाली, "चला, थोडं सामान पुढे गेलं." तेव्हापासून दर महिन्याला मी तिला खुर्ची ढकलत तिथे नेते. ती बाबांशी बोलते आणि पायाचीही चौकशी करते.

त्याच आठवड्यात तिने तुला फोन केला होता. आठवतं का? "तू एवढा शिकलास, सांग बाबा, तो पाय शेवटच्या दिवशी मला येऊन जोडला जाईल ना?" आणि तू हसलास. तिने फोन माझ्या हातात दिला तरी तू हसतच होतास. मला म्हणालास, ताई, देव काय तुझ्या वर्कशॉपसारखा सुटे भाग जोडत बसतो का? ती मागेच बसली होती. तिने तुझं नाव टाकलं ते तेव्हापासून. "त्याला माझ्या मातीलाही बोलवू नकोस," हे तिचे शब्द.

तिला पाय कशाला हवा, हे तू तेव्हा विचारलंच नाहीस. बाबा गेले तेव्हा अडतीसचे होते. मी नऊ वर्षांची होते आणि तू दोनचा. ती आता शहात्तरची आहे. केस गेले, दात गेले, गाल आत गेले. "ते आहेत तसेच उठतील, गोरेगोमटे," म्हणते, "आणि मी ही अशी. ते मला ओळखणार कशावरून?" त्या पायाला सहा बोटं होती, विसरला नसशील. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी ती दोनदा मोजली होती, हे सांगताना ती अजून लाजते. जगात दुसऱ्या कुणाचा असा पाय असेलही, पण बाबांच्या ओळखीचा हा एकच. म्हणून ती घाबरलेली आहे. मरायला नाही घाबरत. समोर उभी राहून अनोळखी ठरायला घाबरते.

आता काम. कबर खणणाऱ्या काकांना तिने गेल्या रविवारी घरी बोलावून घेतलं आणि शपथ घातली: मला बाबांच्या कबरीत ठेवताना ती पेटी वर काढायची, उघडायची, आणि आत जी हाडं असतील ती माझ्या शवपेटीत, गुडघ्याखाली, जागच्या जागी मांडायची. सहा बोटांची हाडं मोजून घ्यायची. काका हो म्हणून गेले.

पेटीत पाय नाही.

हॉस्पिटलने घोळ घातला. भलत्याच कागदावर माझी सही घेतली आणि पाय त्यांच्या भट्टीत गेला. दुसऱ्या दिवशी दफन ठरलेलं, फादर येणार, आई शुद्धीवर येऊन पहिलं विचारते, पाय कुठाय? मी म्हटलं, पेटीत. आणि सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी जाऊन फळीवरचा प्लास्टरचा पाय कापडात गुंडाळून पेटीत ठेवला, वर खिळे ठोकले. तो तिचाच साचा होता, आमच्या मिस्त्रींनी ऑपरेशनआधीच घेऊन ठेवलेला. पण आमच्या धंद्यात साचा धडधाकट पायाचा घेतात, नवा पाय त्याच्या मापाने करायचा म्हणून. म्हणजे पेटीत आहे तो उजवा पाय. बोटं पाच. उघडली की काकांना, फादरांना आणि सगळ्या लोकांना दिसणार की माझ्या आईला दोन उजवे पाय आहेत.

तू तिला एक पत्र लिही. तुझ्या झग्याचं वजन पडेल. एवढंच लिही की आशीर्वाद देऊन पुरलेली पेटी पुन्हा उघडायची नसते, ते पाप आहे. खोटं असलं तरी लिही. तेवढं तरी तू तिचं देणं लागतोस.

ताई


१६ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोहोचलं असेल असं धरून चालते.

आईला आता बसवत नाही. तोंडाला चव नाही, दूध दोन घोट घेते आणि पेला माझ्याकडे सरकवते. डोकं मात्र चालूच. आज विचारलं, माणूस समुद्रात बुडाला, त्याला माशाने खाल्लं, तो मासा दुसऱ्या माणसाने खाल्ला, तर शेवटच्या दिवशी ते मांस कुणाचं? मी म्हटलं, आई, तू अशाने त्यालाही कोड्यात टाकशील. तर हसली. किती तरी दिवसांनी हसली, आणि मग खोकला आला तो थांबेना.

काल आमचा सुतार शवपेटीचं माप घ्यायला आला होता. आईनेच बोलावलं, मेल्यावर माप घेतलेलं तिला आवडणार नाही म्हणे. त्याने फीत धरली ती डोक्यापासून उजव्या टाचेपर्यंत. आई म्हणाली, "डाव्या बाजूलाही तेवढीच जागा ठेव हो, तिकडे येणार आहे पाहुणा." तो बापडा मान डोलावत माझ्याकडे बघत होता. पेटी त्यानेच केली होती, खिळे मात्र मी ठोकले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एक वेडेपणा केला, तो तुला सांगते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखा नाही. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री बाहेर गेले तेव्हा मी प्लास्टर कालवलं आणि डावा पाय करायला घेतला. सहा बोटांचा. काय करणार होते त्याचं, कोण जाणे. सहा वर्षांनी कबरीतून हाडं निघायला हवीत, प्लास्टर निघून काय उपयोग, हे मला कळत होतं. तरी हात चालत राहिले. टाच झाली, घोटा झाला, तळवा झाला. तीस वर्षं हेच करते आहे, डोळे मिटून होतं. बोटांशी आले आणि अडले.

सहावं बोट कुठे होतं रे? करंगळीच्या बाहेर होतं, की करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये? त्याला नख होतं का? मी कानस हातात धरून बसून राहिले. मला आठवेना. मी त्या बाईच्या घरात चोपन्न वर्षं राहते आहे. मिस्त्री परत आले, म्हणाले हा कुणाचा पाय, नोंद नाही याची. मी म्हटलं, चुकून झाला. आणि मोडून टाकला.

तुला आठवत असेल तर लिही. आणि ते दुसरं पत्रही लिही, आईला. दिवस थोडे आहेत.

ताई


१ मार्च

धाकट्या,

तुझ्या पाच ओळी मिळाल्या. इतक्या वेळा वाचल्या की कागद घडीवर विरला.

"खोटं मी लिहिणार नाही. आईला खरं सांग. मी हसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं आणि फोनवर रडायची लाज वाटली. उत्तर मला अजूनही येत नाही. आणि ताई, तू सही करण्याआधी दुधाचं बिलसुद्धा दोनदा वाचतेस, मग तो कागद न वाचता कशी सही केलीस?"

पहिल्यांदा तुझा असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, हा तिकडे बसून मला शहाणपण शिकवतो, इथे येऊन हिचं एक भांडं उपसत नाही. तुला लिहायला बसले, दोन पानं शिव्या लिहिल्या, आणि फाडल्या. कारण तू बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस. लहानपणीही असाच होतास, सगळे मुकाट बसलेले असताना नेमकं नको ते विचारायचास.

तर ऐक. हॉस्पिटलचा घोळ झाला नाही. त्यांनी सगळं नीट केलं. ऑपरेशन झाल्यावर नर्सबाई बाहेर आल्या, दोन कागद घेऊन. पहिला, पाय घरी न्यायचा; दुसरा, तो त्यांच्याकडेच सोडायचा. मी पहिल्या कागदावर सही केली. मग त्या आत गेल्या आणि ते आणलं, हिरव्या कापडात गुंडाळलेलं, वर प्लास्टिक. माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं, बाळ देतात तसं. मला वाटलं होतं गार असेल. तो कोमट होता. आणि सडक्या पायाचा तो वास, तो महिनाभर घरात होताच, पण आता तो माझ्या हातावर होता. आणि जड. माझी आई त्यात नव्हती, आणि होती. मला ओकारी आली. मी ते नर्सबाईंच्या हातात परत कोंबलं आणि म्हटलं, तुम्हीच काय ते करा. त्या म्हणाल्या, ताई, आईंना पाहिजे होता ना? मी म्हटलं, मला नको. आणि दुसऱ्या कागदावर सही केली. पूर्ण वाचून केली.

मी दिवसाला आठ-दहा माणसांचे कापलेले पाय हातात धरते. परक्यांचे. जखम ओली असते, कातडी सोललेली असते, मी बोटांनी दाबून बघते, कुठे दुखतं विचारते. माणसं म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. आणि स्वतःच्या आईचा पाय मला दहा पावलं नेता आला नाही. घरी आल्यावर तिचं ड्रेसिंगही मी केलं नाही. मावशी यायच्या, त्या शेजारच्या, त्यांनी केलं. नंतर आई स्वतः करायला शिकली. सहा वर्षं ती समोर बसून पट्टी बांधते आणि मी वर्तमानपत्र वाचते. आमच्याकडचा पाय तिने कधी लावला नाही. म्हणायची, माझा आहे, पुढे गेलाय, मला दुसरा नको. मी एकदाही आग्रह केला नाही. गुडघ्याखालचं माप घ्यायला हात लावावा लागला असता.

आणि ते पत्र, तू आम्हाला मेलास म्हणून लिहिलेलं, ते मी दफनाच्या दुसऱ्या दिवशी लिहिलं. तू हसलास हे खरंच. पण आई चार दिवसांत विसरली असती, मी विसरू दिलं नाही. तुझा विषय निघाला की मीच म्हणायचे, त्याचं नाव नको. मला माझ्यापेक्षा वाईट कुणीतरी घरात हवं होतं. तू दूर होतास, सोयीचा होतास.

हे लिहून माझा हात दुखायला लागला. उद्या रविवार. फादर तिला प्रभूभोजन द्यायला घरी येतात. ते गेले की सांगेन. माझ्यासाठी प्रार्थना कर, किंवा नको करू, तुला जे येत असेल ते कर.

ताई


६ मार्च

धाकट्या,

सांगितलं.

फादर गेले, मी दार लावलं, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि न थांबता सगळं बोलून टाकलं. नर्सबाई, कागद, भट्टी, प्लास्टर, उजवा पाय. ती छताकडे बघत होती.

"कापडात होता?"

"हो. हिरव्या."

"कोमट होता म्हणालीस?"

"हो."

"म्हणजे अजून माझाच होता."

मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"किळस आली?"

मी म्हटलं, आई, मी घाबरले होते, दमले होते, तीन दिवस झोप नव्हती. ती म्हणाली, "ते नाही विचारलं. किळस आली का?"

"आली."

"माझी?"

आता काय सांगू तुला. हो म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. माझ्याकडे पाठ करून एवढंच म्हणाली, "आणि मी दर महिन्याला जाऊन त्या चुन्याशी गप्पा मारल्या." मी म्हटलं, तिथे बाबाही होते ना.

दोन दिवस तिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मावशी येऊन दूध पाजायच्या आणि माझ्याकडे बघायच्या, काय झालं म्हणून. मी सांगितलं नाही. रविवार, सोमवार. घरात तीन बायका आणि कोणी कोणाशी बोलत नाही. मला वाटलं हिला मी मारलं. साखरेने नाही, किडन्यांनी नाही, मी. शांतपणे जाणाऱ्या बाईच्या तोंडचा घास काढला, आणि कशासाठी, तर माझं ओझं हलकं व्हावं म्हणून. तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते विचारू नकोस.

मंगळवारी सकाळी तिने हाक मारली. मला, नावाने. गेले. डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत.

"तीन गोष्टी सांगते, लिहून घे, नाहीतर पुन्हा काहीतरी करशील." मी खरंच कागद घेतला. "ती पेटी काढून टाकायची. मी त्या ठोकळ्याशेजारी झोपणार नाही." बरं म्हटलं. "मी मेले की मला आंघोळ तू घालायची. एकटीने. मावशी नको, कोणी नको. हातमोजे घालायचे नाहीत." मला लिहिता येईना. ती म्हणाली, "लिही." मी लिहिलं. "आणि धाकट्याला लिही, तो नुसता हसला, तू त्याच्यावर कडी केलीस. तेव्हा त्याच्यावर रागावून बसण्यात काही अर्थ राहिला नाही. ये म्हणावं."

तर ये. हे तिचे शब्द आहेत, एकही माझा नाही.

मग मला वाटलं आता सगळं निवळलं, आणि मी मूर्खासारखं म्हटलं, आई, माफ केलंस ना? ती म्हणाली, "माहीत नाही गं. बघू." थोड्या वेळाने पुन्हा, स्वतःशीच, "पण मग ते मला ओळखणार कशावरून?" आणि रडायला लागली. लहान मुलासारखी नाही, म्हाताऱ्या माणसासारखी, आवाज न करता, नाक पुसत. मला तुझ्यासारखं हसूसुद्धा आलं नाही.

लवकर ये. तुला तरी दुसरं काही सुचेल.

ताई


१९ मार्च

धाकट्या,

तुझा निरोप मिळाला की तू बावीसला पोहोचतोस. आई सोळाला गेली. थांबवता आलं असतं तर थांबवलं असतं. हे पत्र तुला वाटेत मिळणार नाही, ते तुझ्या खोलीवर जाऊन पडेल आणि तू इथून परत गेल्यावर वाचशील. तरी लिहिते, कारण तोंडाने मला हे सांगता येणार नाही, आणि तू येशील तेव्हा आपण जागेचं आणि कपाटाचं बोलत बसू.

सकाळी गेली, नऊच्या सुमाराला. फादरांनी आदल्या दिवशी शेवटचं पवित्र तेल लावलं होतं. शेवटी बोलत नव्हती, फक्त तिचा हात चादरीवर चाचपत होता, डाव्या बाजूला, गुडघ्याखाली. मी तिथे माझा हात ठेवला. हात थांबला. तिला काय वाटलं असेल, मला माहीत नाही.

मावशी पाणी तापवून देऊन बाहेर गेल्या. मी दार लावलं. बाह्या वर केल्या. आणि उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. खोटं आता बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगते: किळस आली. पहिल्यांदा आली. मी पलंगाचा कठडा धरून म्हटलं, आई, थांब जरा, आलेच. आणि मग तोंडापासून सुरुवात केली.

किती हलकी झाली होती रे. उजव्या कानामागे तीळ आहे तिला, तुला माहीत होतं? मला नव्हतं. दंडावर लस टोचल्याची खूण, पैशाएवढी. डाव्या हाताचं मधलं बोट जरा वाकडं, शिवणयंत्रात सापडलं होतं म्हणे एकदा. पोटावर आडवा टाका आहे, तो तुझा. मी आडवी नव्हते, सरळ आले, हे ती मला नेहमी ऐकवायची, तुझं कौतुक करताना. पाठीला बिछान्याच्या जखमा होत्या, त्या हळू पुसल्या, दुखेल म्हणून. दुखणार नव्हतं, हे मध्येच लक्षात आलं. शेवटी गुडघा. तिथली कातडी मऊ असते, धाकट्या, आतून दुमडलेली, टाक्यांची कड थोडी उंच. मी धंद्यातली, मला लगेच कळलं की टाका चांगला घातलेला होता आणि तिने सहा वर्षं पट्टी नीट बांधली होती. एकदाही सोलवटलं नव्हतं. मी ते दोन्ही हातांत धरलं आणि मग मला रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं. किळस कधी गेली ते मला सांगता येणार नाही, मी बघायचं विसरले.

मावशी म्हणाल्या, वर्कशॉपातला एखादा पाय लावू या का, चादर सपाट दिसेल. मी म्हटलं, नको. आहे तशी जाऊ दे.

कबरीचं ऐक. सतराला सकाळी काकांनी खणलं. मी आधीच जाऊन बसले होते, पेटी माझ्यासमोर निघावी म्हणून. लाकूड पार गेलं होतं, कड्या तेवढ्या राहिल्या होत्या. काकांनी कापडाची चिंधी फावड्यावर वर घेतली आणि आत बघून टोपी काढली. भिजलेल्या खडूचा असतो तसा एक गोळा होता. बोटं नाहीत, टाच नाही, डावा नाही, उजवा नाही. ओलीत प्लास्टर टिकत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं, जन्म गेला त्यात. काका म्हणाले, "सगळी माती झाली ताई. मोजण्यासारखं काही उरलं नाही हो, आईंना सांगितलं होतं मी मोजीन म्हणून. हेच ठेवायचं का त्यांच्याजवळ?"

म्हणजे कुणाला कधीच कळलं नसतं. मी गप्प बसले असते तर काकांनी ती मूठभर माती तिच्या गुडघ्याखाली नीट मांडली असती, फादरांनी प्रार्थना म्हटली असती, आणि आई समाधानाने, आपला पाय आपल्याला मिळणार म्हणून गेली असती. रडली नसती. दोन दिवस माझ्याकडे पाठ करून पडली नसती. मी त्या खड्ड्याच्या काठावर उभी होते आणि मला तुझा असा संताप आला की तू समोर असतास तर मी तुला ढकललं असतं. आईला खरं सांग म्हणे!

मग मी म्हटलं, काका, हा तिचा पाय नाही. प्लास्टर आहे, मीच ठेवलं होतं. पाय मी हॉस्पिटलात टाकून आले. फादर तोवर आले होते, त्यांनीही ऐकलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी फावडं बाजूला झटकलं आणि तो गोळा मातीच्या ढिगात गेला. अकरा वाजता तिला बाबांच्या शेजारी ठेवलं, डाव्या बाजूला जागा रिकामी.

तुला उत्तर येत नाही म्हणून तू लिहिलंस. मलाही येत नाही. ते तिला ओळखतील का, भोकं बुजतात का, सहावं बोट परत मिळतं का, मला काही ठाऊक नाही आणि तुझ्या पुस्तकांत असेल असंही आता वाटत नाही. पण आंघोळ घालताना मी तिला एक सांगितलं, मोठ्याने, दार लावलेलं होतं म्हणून. म्हटलं, आई, त्या दिवशी बाबा समोरून आले आणि ओळख न देता पुढे गेले, तर तू घाबरू नकोस, जागेवरून हलू नकोस. मी येईन तुझ्या मागोमाग. मी त्यांना हाताला धरून तुझ्यापाशी आणीन आणि सांगेन, बाबा, हीच ती. माझ्यावर विश्वास ठेवा, हिला मी धुतलंय.

ताई